हरिदासच्या हाताची थरथर

यात पदरचं काहीच नाही. जयवंता माझी सख्खी मावशी. माझ्या बाळाला पायावर न्हाऊ घालता घालता तिनं हे मला सांगितलं, आणि सांगताना एकदाही वर बघितलं नाही.

१९८७ सालचा मे महिना. वर्ध्याजवळची आंजी मोठी.

रात्र नव्हती. भर दुपार होती. उन्हानं रस्ते ओस पडले होते आणि दारं आतून लावलेली होती.

मावशीचा नवरा हरिदास लग्नाचे व्हिडिओ काढायचा. कॅमेरा खांद्यावर घेऊन. स्टँड त्याला कधी आवडला नाही.

आणि त्याचा हात थरथरायचा.

चालला की चित्र डुलायचं. वळायच्या आधी तो एक खोल श्वास घ्यायचा, आणि चित्र तेवढंच वर उचललं जायचं. लोक चिडवायचे, "काऊन गा हरिदास, नवरदेवाले हिवताप आलता काय?"

तो हसायचा. "माणसाच्या हातानं काढलं हाये भाऊ. हालनारच."

पंचक्रोशीतली लग्नं त्यानं घेतली. पण तो स्वतः एकाही कॅसेटमध्ये नव्हता. कसा असणार? तो कायम कॅमेऱ्याच्या मागे.

"एकखेप माह्या हातात द्या न, मी तुमाले घेते," मावशी म्हणायची.

"लेकरू झाल्यावर घेजो."

फेब्रुवारीत वर्ध्याहून येताना त्याच्या सायकलला ट्रकनं उडवलं. दोन महिन्यांनी मुलगी झाली.

घरात त्याचा एकच फोटो होता. लग्नातला. मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा झाकलेला. पोरगी मोठी होऊन म्हणेल, माझा बाप कसा दिसत होता? तेव्हा तिला काय दाखवायचं? हा एकच विचार मावशीला आतून पोखरत होता. घरात बोलायलाही कोणी नव्हतं. ती, आणि झोपलेलं बाळ.

कॅमेरा आता धाकटा दीर चंद्रभान चालवायचा. त्यानं पहिल्याच कामाला स्टँड आणला. चित्र कसं, भिंतीवर खिळा मारल्यासारखं.

त्या दिवशी तो मावशीकडे आला आणि आदल्या दिवशीच्या अल्लीपूरच्या लग्नाची कॅसेट टीव्हीवर लावून तपासायला बसला. मावशी दारात उभी राहून बघत होती.

मंडप. मंगलाष्टकं. अक्षता. सगळं स्थिर.

"इथून पंगत," चंद्रभान म्हणाला. "कॅमेरा कोपऱ्यात ठेवून मी जेवाले गेलतो. आता नवरी निघते पाहा."

नवरी निघाली नाही.

पडदा काळा झाला. मग उजेड आला...

आणि चित्र हलायला लागलं.

"अरे! जेवाले जाताना बंद कराचं राह्यलं वाटते," चंद्रभान पुटपुटला. "पन हे तर स्टँडवर होतं... हाललं कसं?"

मावशी पुढे येऊन टीव्हीसमोर खालीच बसली.

चित्रात मंडप नव्हता. शेणानं सारवलेलं अंगण होतं. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. पाण्याचा माठ.

तिचंच घर.

चित्र डुलत डुलत आत आलं. उंबऱ्यापाशी थांबलं.

एक खोल श्वास... आणि चित्र तेवढंच वर उचललं गेलं.

"वहिनी..." चंद्रभान म्हणाला. "हे जुनं असंन. भाऊनं कवातरी घेतलं असंन."

"जुनं नाई भाऊजी. बाळाच्या आंगात काय हाये पाहा."

पडद्यावर जमिनीवर मावशी झोपली होती. शेजारी बाळ. बाळाच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांचं झबलं. हरिदासचा शर्ट कापून तिनं ते शिवलं होतं, आणि काल दुपारी पहिल्यांदाच घातलं होतं.

काल दुपारी कॅमेरा अल्लीपूरला होता.

चित्र तिच्या चेहऱ्यावर बराच वेळ राहिलं. थरथरत. मग बाळावर. मग सावकाश भिंतीकडे वळलं, जिथं आरसा टांगलेला होता.

मावशी टीव्हीच्या अजून जवळ सरकली. आरसा! आता दिसेल. मागे कोण उभं आहे ते आरशात दिसेल. एकदाच. फक्त एकदा...

चित्र जवळ गेलं. अजून जवळ.

आणि समोर नुसता पुठ्ठा.

आरसा उलटा होता. तेराव्याच्या दिवशी बायकांनी तो भिंतीकडे तोंड करून टांगला होता. आता तुले कुंकू लावाचं नाई, आरसा काहाले पायजे? आणि तिनंही तो तसाच राहू दिला होता.

चित्र त्या पुठ्ठ्यासमोर थांबून राहिलं. हात थरथरत होता. श्वास ऐकू येत होता.

"सुलटा करा न..." मावशी टीव्हीला म्हणाली. "अवो, तुमीच सुलटा करा न..."

चित्र खाली गेलं. पेटीवर काहीतरी टेकल्याचा आवाज आला.

ठक्.

आणि थरथर थांबली.

कॅमेरा खाली ठेवला होता. समोर मावशी आणि बाळ, अगदी स्थिर. चपलांचा आवाज कॅमेऱ्याच्या बाजूनं पुढे निघाला. एक पाऊल... दोन...

बाळानं डोळे उघडले.

डाव्या कडेनं पट्ट्यांची बाही आत आली. कोपरापर्यंत. शर्टाची आख्खी बाही... जो शर्ट आता नव्हताच.

मग खांदा. मग मान वळायला लागली...

कट्!

नवरी रडत होती. सासरी निघालेली, आईच्या गळ्यात पडलेली. चित्र स्थिर.

मावशीनं तो तुकडा किती वेळा मागे नेऊन पाहिला, ते तिलाच ठाऊक. मान तेवढीच वळायची. त्याच संध्याकाळी तिनं आरसा सुलटा केला. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं.

कॅमेरा पुढे चार वर्षं चालला. चित्र पुन्हा कधी हललं नाही.

पण चंद्रभानकाका अजूनही एका गोष्टीपाशी अडतो. तो म्हणतो, "चालू-बंद कराचं बटन एकच. मी जेवून आलो अन् ते एकदाच दाबलं. आधीपासून चालू असतं तं बंद झालं असतं. पन ते चालू झालं. म्हंजे त्याच्या आधी कोनंतरी बंद केलतं."

हरिदास तर कॅमेऱ्यासमोर आला होता.

मावशी झोपलेली होती. मग कॅमेऱ्यामागे बटण दाबायला कोण होतं?

मी ती कॅसेट एकदाच पाहिली आहे. बाही आत येते तेव्हा बाळ त्या बाहीकडे बघतच नाही... ते सरळ कॅमेऱ्याकडे बघतं. आणि रडायला तोंड उघडतं.