उंबऱ्यावरची शांतता

चंद्राच्या पाठीमागे, जिथून पृथ्वी कधीच दिसत नाही, तिथल्या श्रवणकेंद्रात डॉ. उज्ज्वला पेडणेकर अखेरचं ऐकायला बसल्या होत्या. उद्यापासून विवरातली ती अजस्र श्रवणथाळी दुसऱ्या कामासाठी वळवली जाणार होती.

गेलं वर्षभर एका अंधुक ताऱ्याच्या दिशेकडून तीन ठोके येत होते. मग दीर्घ शांतता. मग पुन्हा तीन ठोके. ते नैसर्गिक नाहीत, एवढं सिद्ध झालं होतं. पृथ्वीने घाईघाईने मूळ संख्या, अणूंच्या रचना, आकाशगंगेचे नकाशे धाडले होते आणि अजूनही धाडत होती. तारा चाळीस प्रकाशवर्षं दूर. उत्तराची वाट नातवंडांनी पाहायची.

"ठोके आणखी क्षीण झालेत, उज्ज्वलाताई," त्यांचे सहकारी डॉ. नसीर मुकादम म्हणाले. "त्यांचं यंत्र संपत आलं असावं." बोलता बोलता त्यांनी हात पुढे केला आणि चहाचा कप आपोआप हातात आला.

कपाळावरच्या गरजवेधक पट्टीची ही किमया. मेंदूत इच्छा उमटली, की तिचा शब्द होण्याआधीच पट्टी ती टिपायची. तहान लागण्याच्या बेतात पाणी येई. वाट हवी असली, की समोरच्याच्या पट्टीला ते कळे आणि तो बाजूला होई. 'जरा देता का', 'उपकार झाले', 'येऊ का' हे शब्द कुणी बंद केले नव्हते. त्यांना कामच उरलं नव्हतं.

उज्ज्वलाबाईंनाही त्याचं काही वाटलं नव्हतं. पण एकदा त्या केंद्रातल्याच आपल्या घरात पाय घसरून पडल्या आणि पट्टी निसटून लांब गेली. त्यांची आठ वर्षांची मिहिका आली आणि आईला ओलांडून पलीकडे गेली. दुष्टपणाने नव्हे. पट्टी काही सांगत नाही म्हणजे कुणाला काही नको आहे, एवढंच पोरीला ठाऊक होतं. आईच्या तोंडाकडे पाहायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी लेकीची पट्टी काढून ठेवली. "हवं ते माग. मिळालं तर आभार मान. कुणाच्या दारात गेलीस तर थांब." पोर रडली, रुसली. शेजारीपाजारी म्हणाले, "मुलीचे हाल करता!" नसीरभाईंनाही ते पटलं नव्हतं.

दार वाजलं. टक, टक, टक. उज्ज्वलाबाईंचं लक्ष पडद्यावर होतं. थोड्या वेळाने दार पुन्हा वाजलं.

"दार तर उघडंच आहे," नसीरभाई वैतागून म्हणाले. "ही आत का येत नाही?"

"मी 'ये' म्हणायची वाट बघतेय ती," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

"आणि ऐकूच गेलं नाही तर?"

"मग परत वाजवायचं, नसीरकाका," मिहिका दारातूनच म्हणाली. "पण आधीपेक्षा हळू. तुम्ही कामात असाल ना."

उज्ज्वलाबाई खुर्चीत ताठ झाल्या. "ये बाळा, आत ये," त्या म्हणाल्या. "नसीरभाई, ती शांतता! आपलं यंत्र ती रिकामी जागा म्हणून गाळून टाकतंय. पण निरोप तिथेच आहे. ते ठोकताहेत आणि थांबताहेत. आणि त्या थांबण्यात आपण वर्षभर आरडाओरडा करतोय!"

"दार वाजवणाऱ्याला खिडकीतून पाढे म्हणून दाखवल्यासारखं," नसीरभाई हळूच म्हणाले. "मग आता?"

"सगळी प्रक्षेपणं बंद करा. त्यांचेच तीन ठोके तितक्याच हळू परत द्यायचे आणि गप्प राहायचं. म्हणजे, 'आम्ही ऐकलं, या.'"

पृथ्वीला कसंबसं पटवून प्रक्षेपणं थांबवली. नसीरभाईंनी ठोके पाठवले. "चला. ऐंशी वर्षांनी मिहिकाला उत्तर मिळेल."

त्यांनी नुकताच घेतलेला नवा चहा अजून गरम होता, तोच थाळीत आवाज उमटला. तीन ठोके नव्हेत. एक लांब, खोल, चढत जाणारा सूर.



"हे शक्य नाही," नसीरभाई पुटपुटले. "इतक्या लवकर उत्तर यायचं तर ते चंद्राच्या अगदी जवळ हवेत. मग ठोके इतके क्षीण कसे?"

"आपण क्षीण म्हणजे दूर असं धरून चाललो," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "ते दूर नव्हते, नसीरभाई. ते हळू बोलत होते."

"पण जवळचं काहीही ताऱ्यांसमोरून सरकताना दिसतं. हे वर्षभर एकाच ताऱ्यापुढे होतं."

"आपली थाळी त्या ताऱ्याकडे होती. आपल्याला मान वळवावी लागू नये, म्हणून ते स्वतःच सरकत राहिले."

उज्ज्वलाबाईंनी छताच्या काचेवरचं कवच उघडलं. काळ्या आकाशात तो अंधुक तारा अचानक लखलखला. त्याच्यापुढून काहीतरी बाजूला झालं होतं. मग अंधाराचाच एक भाग उजळू लागला. डोळे दिपू नयेत इतक्या सावकाश, एकेक दिवा लागत गेला आणि दिवे संपेचनात. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, पर्वतरांगेसारखं काहीतरी त्यांच्या डोक्यावर निःशब्द उभं होतं. एवढं बळ असून ते वर्षभर बाहेर थांबलं होतं. उज्ज्वलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नसीरभाई कधी उठून उभे राहिले, ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी सवयीने कपाळावरच्या पट्टीला हात लावला. पट्टी गप्प होती. त्या पाहुण्यांना काय हवं, हे तिला कळणार नव्हतं.

"ताई," ते भांबावून म्हणाले, "घरी कुणी आलं, की आधी काय करतात?"

"पाणी देतात," मिहिका म्हणाली. मग वर पाहत ती जरा विचारात पडली. "पण ते पाणी पितात का?"

"आपल्याला ठाऊक नाही, बाळा," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला प्रक्षेपकासमोरच्या खुर्चीत बसवलं. "विचार त्यांना."