रोमच्या वाटेवरून परतलेली घंटा

"बारा वाजले होऽऽ! बारा!" गास्पार घसा फोडून ओरडला आणि त्याने लाकडी फिरकी गरागरा फिरवली. करकरकर!

गुरुवारपासून गावात घंटा वाजली नव्हती. सगळ्या घंटा उडत रोमला जातात आणि ईस्टरच्या सकाळी परततात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तोवर वेळ सांगायचं काम मुलांचं. आज शुक्रवार, ईस्टरआधीचा दुखवट्याचा दिवस. सुट्टी होती आणि गास्पारला सपाटून भूक लागली होती.

"चल ना, ताई!"

बारा वर्षांची सोलेन मात्र चर्चच्या दारात थबकली होती. "गास्पार, ही पोती सिमेंटची आहेत."

"मग? ती माणसं भिंत दुरुस्त करतायत ना!"

"येड्या, आजोबा काय सांगतात? जुन्या विटेला चुनाच हवा, सिमेंटने ती फुटते. खरा गवंडी हे पोतं इथे आणणारच नाही!"

आजोबा गावचे गवंडी. पण मेअरसाहेबांनी त्यांना विचारलंही नाही; दोन परक्या माणसांना चर्चची किल्ली देऊन मोकळे झाले होते!

दोघं आत डोकावली. वेदीजवळची मारियामातेची सातशे वर्षांची लाकडी मूर्ती त्या परक्या माणसांनी पहारीने उखडून घोंगडीत गुंडाळली होती.

"चोर! चोर!" गास्पारच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

जाड्या चोराने झेप घेऊन त्याचा उजवा हात पिरगाळला. काडकन आवाज झाला. गास्पार किंचाळला. सोलेनला आधी भीती वाटली आणि मग भयंकर राग आला. भावाच्या हातून पडलेली फिरकी तिने उचलली आणि जाड्याच्या नाकावर हाणली. भळाभळा रक्त आलं! त्याची पकड सुटली.

दुसऱ्याने धावत जाऊन मोठं दार अडवलं. आता उरला फक्त बुरूज. चारशे वर्षांपूर्वी सैनिक गावं जाळत येत, तेव्हा गावकऱ्यांनी लपायला तो चर्चला जोडून बांधला होता. सोलेनने भावाला त्या अरुंद, गोल जिन्यात ढकललं. "वर पळ!"

मागून जाड्या पहार घेऊन चढू लागला. "खाली या, नाहीतर दोघांची डोकी फोडतो!"

त्याने पहार उगारली आणि ठण्! ती मधल्या खांबावर आपटली. वर चढणाऱ्याचा उजवा हात खांबाला अडावा, म्हणूनच जिना तसा वळवला होता. वरून मारणाऱ्या सोलेनला मात्र ऐसपैस जागा होती. एक फटका बोटांवर! एक कपाळावर! तिसऱ्या फटक्याला फिरकीचे दोन तुकडे झाले.

"गास्पार, घंटा वाजव!"

"ती रोमला गेलीये!" तो रडत म्हणाला. "आज वाजवली तर पाप लागेल!"

"पाप मला लागू दे! ओढ दोर!"

जाड्याने तिचा पाय धरून खाली खेचला. तिची हनुवटी पायरीवर आपटली, तोंडात रक्त आलं. तिने मोकळ्या पायाने त्याच्या फुटलेल्या नाकावर लाथ घातली. आणि वर गास्पारने डाव्या हाताने दोराला लोंबकळून सगळं वजन टाकलं.

ठाण्ण! ठाण्ण!

शुक्रवारी घंटा? अख्खं गाव खवळलं! "कोण आहे तो नालायक?" बेकरीवाल्या ओदेतकाकू लाटणं घेऊन धावल्या, मेअरसाहेब जेवताना गळ्यात खोचलेल्या रुमालासकट आले. मारिया गाडीत घालणारा दुसरा चोर आयताच काकूंच्या तावडीत सापडला. एका लाटण्यातच तो आडवा! आजोबांनी जाड्याला गचांडी धरून जिन्यावरून खाली आणलं आणि वाटेत दोनदा बदडलं.

"सिमेंट पोरीला दिसलं," आजोबा मेअरसाहेबांवर कडाडले, "तुम्हाला नाही?"

"चुकलो," साहेब खाली मान घालून म्हणाले. "सोलेन, गास्पार, तुम्ही होता म्हणून गावाची लाज राहिली."

गास्पारचं तिकडे लक्षच नव्हतं. हात गळ्यात बांधून तो हळूच म्हणाला, "आजोबा, मला पाप लागेल?"

आजोबांनी त्याला छातीशी धरलं. "छे रे! तू हाक मारलीस, म्हणून ती अर्ध्या वाटेवरून परत आली."

रविवारी सकाळी ईस्टरचा पहिला टोला गास्पारनेच दिला. डाव्या हाताने.