बकरीनं खाल्लेला निकाल

"तो कागद देता का मला?"

लातूरकडच्या मुरुडच्या स्टँडवर दानम्मा उभ्याउभ्या भजी खात होती. समोर एक सडपातळ तरुण हात पुढं करून उभा, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला.

"भजी पाहिजेत का?"

"भजी राहू द्या… कागदच."

तिनं पुडीचा कागद मोकळा करून दिला. जुनं वर्तमानपत्र ते. कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती — परदेशात समुद्रकाठी भरणाऱ्या आतषबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची. देवळातला अंगारा घ्यावा तसा त्यानं तो कागद दोन्ही हातांत घेतला, वाचत गेला आणि मध्येच थबकला. निकालाची ओळ जिथं असायची तिथं कागदच नव्हता.

तेवढा तुकडा फाडून दानम्मानं नुकतीच तेलकट बोटं पुसली होती. तुकडा खाली पडला होता, आणि तो उचलणारी बकरी दुष्काळातली. डोळे मिटून चघळत होती.

"जपान जिंकलं का इटली, ते आता हिलाच ठाऊक," तो हताशपणे म्हणाला.

दानम्माला हसू फुटलं, आणि पाठोपाठ अशी शरम वाटली की हातातली भजी तिनं बकरीलाच देऊन टाकली.

तो सिद्धराम. पेठेतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. बोटीवर खलाशी असलेल्या मामानं लहानपणी एकदा त्या स्पर्धेचं वर्णन केलं, तेव्हापासून हे वेड. त्या वर्षी सगळा देश क्रिकेटच्या वर्ल्डकपनं नाचत होता. हा जपानच्या काळजीत रात्र रात्र कूस बदलत होता.

मग दानम्माच्या घरातलं मीठ फार लवकर संपू लागलं.

"आवाज स्पेनचा, रंग इटलीचा," गूळ फोडता फोडता तो सांगायचा, "पण फूल उमलावं तर जपानचं. आभाळभर शेवंती… आन् विझते अशी हळूहळू, जणू जायचं मनच न्हाई तिचं."

"तुम्ही बघितलंय?"

"न्हाई."

"मग मला दाखवा की. इथंच, मुरुडात."

ती सहज म्हणाली. डोळे मात्र सहज नव्हते.

लातूर जिल्हा होऊन वर्ष भरत आलं होतं. त्या निमित्तानं सिद्धरामनं जत्रेतल्या दारूकामवाल्याकडून आभाळात जाऊन फुटणारा एक मोठा औटगोळा पैदा केला. कुणालाच सांगितलं नाही. गंमत करायची होती. दिवेलागणीला टेकडीमागं जाऊन त्यानं वात पेटवली. गोळा वर जायचाच विसरला आणि टेकडीआडच फुटला.

गावाला दिसला तो फक्त टेकडीमागचा लखलखाट. मग गडगडाट.

दोन वर्षांत धड पाऊस न पाहिलेलं गाव ते! अंगणातल्या बाजा आत गेल्या, वळचणीला घागरी लागल्या. गावातले वडीलधारे शिवमूर्ती आप्पा सदरा काढून उघडे रस्त्यात उभे राहिले. लोक तर शपथेवर सांगतात की कोरड्या विहिरीतली बेडकंही ओरडली. आणि दानम्माच्या आईनं, पार्वतम्मानं, आनंदाच्या भरात अख्खा रांजण म्हशीपुढं रिकामा केला. "पी माय, आज पोटभर पी!"

मग वास आला. शोभेच्या दारूचा, जळका. आणि टेकडीवरून भुवया जळालेला सिद्धराम खाली उतरला.

कुणी शिवी दिली नाही. एकेकानं आपापली कोरडी घागर उचलली आणि घरात नेली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सांजेला माळावरच्या विहिरीचं पाणी डोक्यावरून आणून पार्वतम्माच्या रांजणात ओतू लागला. बाप्यानं डोईवर घागर घ्यावी? पेठ हसायची. पार्वतम्मा त्याच्याशी बोलत नसे. विहिरीवर पोहरा ओढायला कोण येतं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

"बोलत का न्हाईत?" एका सांजेला दानम्मानं विचारलं.

"कोणत्या तोंडानं बोलू? तुमच्या म्हशीचीसुद्धा लाज वाटते मला."

"म्हैस खूश हाय. तिचं तर तुमच्यावाचून पान हलत न्हाई."

त्याला हसू आलं, पण ओठांतच विरलं. "स्पर्धेचं नाव काढणार न्हाई आता. रद्दीच्या पुड्यासुद्धा न वाचता बांधतो."

दानम्माच्या हातातला दोर थांबला. "दाखवा म्हणाले मी. मग शरम एकट्यानंच का वाहता?"

"चारचौघांत तुमचं नाव कसं घेऊ? कोण लागता तुम्ही माझ्या…?"

इतक्यात टेकडीमागं लखलखलं. मग गडगडाट.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

पेठेत पोचले तेव्हा सगळं गाव सिद्धरामच्या दुकानापुढं जमलेलं. बाजा अंगणात तशाच. एकही घागर वळचणीला नाही.

"पुन्हा फसवतो का रे?" शिवमूर्ती आप्पांनी काठी उगारली. सिद्धरामचे वडील मान खाली घालून तराजूशी उभे. सिद्धराम डोक्यावरची भरली घागर सावरत राहिलेला.

"ह्यांनी न्हाई उडवलं." दानम्मा गर्दीतून पुढं झाली. "हे विहिरीवर होते… माझ्यापाशी."

पेठेनं माना वळवल्या.

"रोज?" पार्वतम्मानं विचारलं.

"रोज. आन् मागचा गोळाबी माझ्यामुळंच. मला फूल बघायचं होतं."

"कोण लागतो गं हा तुझा?" आप्पा गरजले.

दानम्मानं पदर मुठीत घट्ट धरला. कान आता तिचे लाल झाले होते.

"अजून लागत न्हाईत…" ती म्हणाली, "लागतील."

टप्पकन एक थेंब आप्पांच्या नाकावर पडला. आप्पांनी तो बोटानं पुसला, बोट नाकाशी नेऊन हुंगलं. दारूचा वास नव्हता.

"बघत काय राहिलात?" पार्वतम्मा ओरडली. "बाजा आत घ्या! आन् जावईबापू, ती घागर रिकामी करा की, भरलेल्या घागरीत पाऊस कुठं मावायचा?"

त्या साली स्पर्धा कोण जिंकलं, हे सिद्धरामला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की तो दानम्माकडं बघतो, दानम्मा दारातल्या बकरीकडं… आणि दोघांचेही कान लाल होतात.