मॅटॅडोरचा मागचा बाक

लाईट इतक्यात येत नसते. आमच्या कऱ्हाटीत एकदा गेली की गेली. बसा तुम्ही, मी दिव्याची वात जरा वर करते. येताना ऋषिराजच्या दारात ती जुनी मॅटॅडोर बघितलीत आणि विचारलंत, हिच्यात कुणी बसतं का. बसतो की. पण पुढं बसतो. मागच्या बाकावर आता कुणी बसत नाही. का, ते सांगते.

ऋषिराज माझा शाळेपासूनचा मित्र, आणि त्याची बायको राजेश्वरी माझी त्याहून जुनी मैत्रीण. घरचा ऊस, गाई, सगळं व्यवस्थित. पण ह्याचा जीव जुन्या गाड्यांत. ही मॅटॅडोर त्याला बारामती एमआयडीसीच्या पलीकडं एका भंगारवाल्याकडं दिसली, कापायला काढलेली. माझा भाऊ बुद्धघोष एमआयडीसीतच फिटर आहे. दोघांनी मिळून वर्षभराचे रविवार तिच्याखाली झोपून काढले. वरचा निळा रंग खरवडला तसा आतून पांढरा निघाला, आणि पांढऱ्यावर पुसट लाल फुली. म्हणजे कधीकाळी ती दवाखान्याची गाडी होती. ऋषिराजनं तो रंग तसाच ठेवला. मागं एका बाजूला माणूस आडवं होईल एवढा लांब बाक होता, त्यावर नवी गादी घातली.

त्या हिवाळ्यात इंदापूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. लांबलांबून लोक जुन्या व्हॅन, जीपा घेऊन येणार होते. आम्ही चौघांनी जायचं ठरवलं. राजेश्वरीला तेव्हा आठवा महिना होता. आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं, त्यामुळं तिच्या सासूबाई, कौसल्याकाकू, नकोच म्हणत होत्या. डॉक्टरांनी मात्र हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. आणि राजेश्वरी मला म्हणाली, "रश्मी, घरात बसून बसून भीतीच वाढायला लागलीय. एक दिवस तरी हसू दे मला."

उजाडता उजाडता निघालो. बुद्धघोषदादा गाडी चालवत होता, ऋषिराज त्याच्या शेजारी. मी आणि राजेश्वरी मागं. पुढच्या आणि मागच्या भागांच्या मध्ये पत्र्याचा पडदा होता आणि त्यात वहीएवढी खिडकी. मी त्या पडद्याला टेकून बसले, राजेश्वरी माझ्या मांडीवर डोकं ठेवून बाकावर आडवी झाली. बारामती सुटेपर्यंत आमच्या गप्पा चालल्या होत्या. डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. ऋषिराज खिडकीतून मागं बघून तिला चिडवत होता, की बक्षीस गाडीला नाही, तुलाच मिळणार.

भवानीनगर मागं पडलं आणि धुकं आलं. कालव्याच्या कडेनं हिवाळ्यात ते असतंच, पण त्या दिवशी काचेवर ओलं फडकं टाकावं तसं आलं. दोन्ही बाजूंचा ऊस दिसेना. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागं दिवे नाहीत. ऋषिराज दारातून डोकं बाहेर काढून दादाला वाट सांगायला लागला. मागच्या भागाच्या काचा रंगवलेल्या, त्यामुळं आमच्याकडं तर अंधारच होता. इंजिनाच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

राजेश्वरीनं माझं मनगट धरलं. हळूच म्हणाली, "रश्मी... काहीतरी ओलं लागतंय."

मी मोबाईलचा उजेड टाकला. रक्त होतं. थोडंथोडकं नव्हतं.

मी पत्र्यावर हात आपटून पुढं सांगितलं. फोन लावला. रुग्णवाहिकेला त्या धुक्यात आमच्यापर्यंत यायला आणि परत जायला जेवढा वेळ लागला असता, त्याच्या निम्म्यात आम्ही इंदापुरात पोचलो असतो. फोनवरच्या बाईंनीही तेच सांगितलं, थांबू नका, या. दादानं वेग वाढवला. ऋषिराज मागं यायला धडपडत होता, पण तो बाहेर बघत नसता तर आम्ही एखाद्या ट्रॉलीवर गेलो असतो. तो रडत रडत वाट सांगत होता, ते मला ऐकू येत होतं.

थोडं पुढं गेल्यावर मला वास आला. ओवा आणि बाळंतशोपा निखाऱ्यावर टाकल्या की येतो तो. बाळंतिणीच्या खोलीतला. बंद गाडीत, डिझेलच्या वासातून तो सरळ वर आला. मला वाटलं, बाहेर कुणाच्या तरी वस्तीवर असेल. पण तो जाईना, वाढतच गेला. मग पायाकडून, म्हणजे मागच्या दाराच्या बाजूनं, आवाज यायला लागला. ओलं फडकं पिळावं आणि पाणी भांड्यात पडावं, असा. थांबायचा. परत यायचा.

आमच्या घरात देवदेवस्की नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच भूतखेत घराबाहेर काढलं. मी बारामतीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. तरी सांगते, मी मान वर केली नाही. राजेश्वरीच्या तोंडाकडं बघत राहिले. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती आपल्या पायांकडं बघत होती, टक लावून. आणि तिचा घट्ट आवळलेला जबडा हळूहळू सैल होत होता.

तेवढ्यात पुढून दादा ओरडला की इंजिन तापलंय, काटा पार लाल झालाय, कालव्यावर थांबून पाणी घालतो, नाहीतर बंद पडेल. गाडी हळू झाली. चाकं रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरल्याचं मला कळलं.

"थांबवू नका."

बाईचा आवाज. वयस्क, जरा घोगरा. राजेश्वरीचे ओठ मिटलेले होते. माझेही.

दादा पुढून म्हणाला, "बरं मावशी." अगदी सहज, रोजचं असल्यासारखं. आणि गाडी परत रस्त्यावर आली.

मी राजेश्वरीच्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. तिचा हात गार पडत चालला होता. मी तिच्याशी काहीबाही बोलत राहिले, शाळेतलं, बोर्डिंगमधलं. पाण्याचा आवाज चालूच होता. एकदा बाक आमच्या वजनाशिवाय आणखी कुणाच्या तरी वजनानं करकरला, आणि राजेश्वरीचे पाय कुणीतरी उचलून वर धरल्यासारखे हलके झाले... मला ते तिच्या अंगाच्या ताणावरून कळलं. मी डोळे उघडले नाहीत.

निमगाव केतकीपाशी धुकं फाटलं. एकदम ऊन. दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली, मागचं दार बाहेरून उघडलं गेलं, आणि माणसं स्ट्रेचर घेऊन आत चढली. मी तेव्हाच मान वर केली. बाकावर आम्ही दोघीच होतो. राजेश्वरीच्या पायांखाली, मी थंडीसाठी घेतलेली दोन्ही पांघरुणं घडी करून, उशीसारखी लावलेली होती. मी लावली नव्हती.

पुढचं सांगायला मला बरं वाटतं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो. आणि दाराआडून रडं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं. ऋषिराज होता तिथंच खाली बसला. मुलगी झाली होती, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागणार होती, पण दोघी सुखरूप होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय वर ठेवून आणलंत ते फार चांगलं केलंत, आणि वाटेत वेळ काढला असता तर अवघड होतं. दादा माझ्याकडं बघायला लागला. दारात बंद केलेलं ते इंजिन पुन्हा सुरूच झालं नव्हतं. कालव्यावर थांबलो असतो तर तिथंच राहिलो असतो.

मी दादाला विचारलं, मावशी कुणाला म्हणालास. तो म्हणाला, "माहीत न्हाय गं. तोंडातून गेलं."

दुपारी ऋषिराजच म्हणाला, आता इथवर आलोय तर गाडी दाखवून आणा. मग एका ओळखीच्या ट्रॅक्टरला बांधून दादानं ती मैदानात ओढत नेली. एवढ्या चकचकीत गाड्यांत आमची एकटीच दोरीनं बांधून आलेली. लोक हसले, दादाही हसला. दिवसभरात पहिल्यांदा. तिथंच त्याला दत्तोबातात्या भेटले. पांढरी टोपी, हातात काठी, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. ही गाडी ते पुष्कळ वर्षं चालवत होते. वाड्यावस्त्यांवरच्या बायका बाळंतपणाला आणायची गाडी. दादानं त्यांना सकाळचं सगळं सांगितलं, फक्त आवाजाचं तेवढं सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, बारशाला बोलवा.

बोलावलं. इथंच, कऱ्हाटीत. भरदुपारी, दारात मांडव, पोरंबाळं, जेवणाच्या पंगती. पाहुणे पांगल्यावर आम्ही चौघं आणि तात्या गाडीच्या सावलीला बसलो होतो. बाळ राजेश्वरीच्या मांडीवर झोपलं होतं. मला राहवेना. मी आवाजाचं सांगितलं, आणि विचारलं, तात्या, ह्या गाडीत कुणी बाई दगावली होती का.

"न्हाय," ते म्हणाले. "एकबी न्हाय. जेवढ्या बसल्या तेवढ्या समद्या पोचल्या." मग म्हणाले, "काय म्हनली ती?"

"थांबवू नका."

त्यांनी मान हलवली. "मलाबी तेच म्हनायची. गाडी नवीकोरी आली तवापासनं. मी कधी मागं वळून बघितलं न्हाय."

राजेश्वरी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत होती. त्या दिवसाबद्दल तोवर ती कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती. खालीच बघत म्हणाली, "मला वळायला लागलं न्हाय. माझ्या पायापाशीच होती."

तात्या काठी धरून पुढं वाकले. इतकी वर्षं जिला घेऊन हिंडले, तिच्याबद्दल विचारताना त्यांचा आवाज बारीक झाला. "कशी हाय गं, पोरी?"

"तोंड न्हाय दिसलं. हात दिसले. कोपरापर्यंत ओले होते." तिनं बाळ जवळ ओढलं. "पण गरम होते, तात्या. मला तेवढीच ऊब होती."

तात्या उठले, मागच्या दारापाशी गेले, आणि टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले. मग चहासुद्धा न घेता गेले.

मुलगी आता अंगणभर पळते. गाडी दादानं दुरुस्त केली, दरवर्षी प्रदर्शनाला नेतो आम्ही. ती रक्ताची गादी ऋषिराजनं तेव्हाच जाळून टाकली आणि नवी केली. तीही मग बदलली. आता नुसती फळीच ठेवलीय. वैशाखातसुद्धा, उन्हात उभ्या गाडीत, त्या फळीच्या पायाकडच्या टोकाला हात लावला तर लाकूड ओलं लागतं.