फळीवरचा घास

कार्डिफच्या बाहेरच्या त्या जुन्या मनोरुग्णालयात दुपारचं जेवण वेळेवर येई आणि बेचव असे. उकडलेला भात, वाटाणे, करड्या रंगाचा रस्सा. डॉ. ऋजुता मेश्राम नागपूरहून इथं नोकरीला आली, तेव्हा तिला जेवणापेक्षा दुसरंच काही खटकलं होतं. शहरात जिकडे पाहावं तिकडे गोरे चेहरे, आणि बंद वॉर्डात कुलपाआड बहुतेक काळे नाहीतर सावळे. तिनं कारण विचारलं. ही माणसं उपचाराला उशिरा येतात, असं उत्तर मिळालं. म्हणजे दोष पुन्हा त्यांचाच.

त्या वॉर्डात शशिधर परांजपे होते. बायको गेल्यावर त्यांची झोप उडाली, भर रस्त्यात बसून ते रडू लागले आणि पोलिसांनी त्यांना इथं आणून सोडलं. आता झोप लागत होती, बोलणं सरळ होतं. मुलगी नीना त्यांना घरी न्यायला तयार होती. गुरुवारी ट्रायब्युनल, म्हणजे सुटकेचा निवाडा करणारं मंडळ, बसून ठरवणार होतं: घर, की आणखी सहा महिने कुलूप.

अडचण त्यांच्या ताटाची होती. परांजपे काका जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवत आणि भाताचे छोटे घास बाहेर काढून ठेवत. नर्सनं नोंद केली की पेशंट अदृश्य माणसांना भरवतो. कन्सल्टंट डॉ. प्रॉसर यांनी गोळ्या वाढवल्या.

ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताटाबाहेर घास काढून ठेवायची ही चित्राहुती तिच्या घरात कधी नव्हती, आणि ज्या घरांत होती त्यांच्याशी तिच्या माणसांचं नातं काही गोड नव्हतं. पण रीत म्हणजे वेड नव्हे, एवढं तिला कळत होतं. ती मुद्दाम जेवणाच्या वेळी हॉलमध्ये जाऊन बसली.

काकांनी घास ताटाशेजारी ठेवले. मग आणखी काही घास हातात घेऊन ते उठले आणि भिंतीशी गेले. तिथली जुनी खिडकी विटांनी बुजवून रंगवली होती. खालची फळी तेवढी राहिली होती. घास त्यांनी फळीवर मांडले.

"काका, चित्राहुती ताटाशेजारी असते ना?"

"ती घातली. हे वेगळं. हे वाढणं आहे, डॉक्टर." त्यांनी आवाज खाली आणला. "पलीकडे बसवतात त्यांना. सगळ्यांचं झालं की देतात. पुरत नाही."

ऋजुता बाहेर जाऊन पलीकडे पाहून आली. भिंतीला लागून कार पार्क होता, आणि भिंतीशी प्रॉसर यांची गाडी. ती परतली तेव्हा फळीवर शीतही नव्हतं. कुणीतरी बोटानं निपटून घ्यावं तशी फळी ओली होती. काका जागेवर बसून वाटाणे खात होते.

तिनं प्रॉसर यांना त्या खिडकीबद्दल विचारलं. ते हसून म्हणाले, पूर्वी गोदीवरचे खलाशी यायचे, सोमाली, हिंदी, वेस्ट इंडियन. त्यांची खोली पलीकडे होती आणि ताटं या खिडकीतून जायची. खोली केव्हाच पाडली. त्यांच्याच सोयीसाठी होतं ते.

सोयीसाठी! ऋजुताचे आजोबा गावच्या लग्नांत अंगणाबाहेर बसून जेवले होते, शेवटची पंगत उठल्यावर, वरून टाकलेलं. तीही कुणाची तरी सोयच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं काकांना त्या खोलीचं सांगितलं.

"आमच्याकडेही असंच वाढायचे," ते म्हणाले. "मी रोज चित्राहुती घालायचो आणि अंगणाच्या टोकाला कधी मान वळवून बघितलं नाही. इथं मलाच कुलपाआड आणून ठेवलं, तेव्हा ते दिसायला लागले."

तिला राग आला. काकांचाही आला. पण त्यांना कोंडून ठेवून तो निवणार नव्हता.

गुरुवारी तिनं ट्रायब्युनलला सांगितलं की आपल्या ताटातलं आधी दुसऱ्याला द्यायचं, अशी ही साधी रीत आहे. प्रॉसर आडवे आले, तेव्हा तिचा आवाज चढला. काकांना सोडलं.

"थँक यू, डॉक्टर," नीना डोळे पुसत म्हणाली. "बाबा आता माझ्या घरी राहणार."

दाराशी काका थांबले. "आता तिथं वाढायला कुणी नाही," ते म्हणाले. "तेवढं बघा."

नंतर प्रॉसर यांनी ऋजुताला बोलावून घेतलं. फार मऊ आवाजात ते म्हणाले की तिचा राग त्यांना काळजीचा वाटतो. तिनं स्वतःची मानसिक तपासणी करून घ्यावी, तोवर पेशंट पाहू नयेत. तिच्याच सोयीसाठी.

ती डबा घेऊन जेवणाच्या हॉलमध्ये गेली. सगळ्यांची जेवणं उरकली होती आणि टेबलांवर स्वच्छ ऊन पडलं होतं. तिनं वरणभाताचा घास उचलून फळीवर ठेवला. रीत म्हणून नाही. रागानं.

मग ती खाली मान घालून जेवू लागली.

मान वर केली, तर फळी ओली होती.

भिंतीपलीकडे, जिथं गाड्या उभ्या असतात तिथं, लाकडी बाक करकरला. थोडं थांबून पुन्हा करकरला.

पंगतीत कुणी उशिरा आलं की बसलेली माणसं सरकून घेतात, तसा.

तिच्यासाठी जागा झाली होती.