न दाबलेली कळ

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर ‘हो’ ही कळ तिसऱ्यांदा उजळली आणि निशिकांत गुळवे यांनी संमतिपत्र पुढे ओढलं. डॉ. हेमांगी सोमण यांनी त्यांना सही करण्याआधी थोडं थांबायला सांगितलं.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात होती. निशिकांत यांच्या आई सुमतीबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. दीड वर्षापूर्वीच्या पक्षाघातानंतर त्यांना ऐकू येत होतं, सगळं समजत होतं, पण पापण्यांवरही ताबा उरला नव्हता. त्या बोलत ते मनःफलकावर, म्हणजे मनानं चालवायच्या कळफलकावर. एखादी कळ दाबल्याची त्या नुसती कल्पना करत. मेंदूवर बसवलेल्या जाळीतले विद्युदग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, तो संकेत टिपत आणि पडद्यावर ती कळ उजळे. नवी जाळी बसवली तर त्यांना आवाज मिळणार होता. मात्र दहातल्या एका रुग्णाची आहे ती वाचाही जात असे.

“तीनदा विचारलं, तीनदा हो म्हणाली,” निशिकांत म्हणाले.

“चौदा महिन्यांत त्यांनी एकदाही ‘नको’ दाबलेलं नाही.”

“ती कुणाला नाही म्हणतच नाही हो. वाढलेलं पानात टाकायचं नाही, आलेली ड्यूटी बदलून मागायची नाही. पहिल्यापासून तशीच.”

हेमांगींनीही इतके दिवस हेच गृहीत धरलं होतं. आज नोंदी चाळताना त्या अडखळल्या होत्या. 

“तुमच्या संगणकावर स्क्रोल लॉक नावाची कळ असेल. शेवटची कधी दाबलीत?”

“ती कशासाठी असते तेच ठाऊक नाही.”

“तरी ती जागेवर असते. मनःफलकावर तसं नाही. विद्युदग्र मोजके आहेत. जी कळ वापरात नाही, तिचे काढून प्रणाली ते वापरातल्या कळांना देते. आम्ही याला छाटणी म्हणतो.”

छाटणीमुळेच सुमतीबाईंचा वेग मिनिटाला नऊ अक्षरांवरून बावीसवर गेला होता. त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले होते.

“पण ‘नको’ तर समोर दिसतंय.”

“ते चित्र आहे. ‘हो’साठी काकू तर्जनी टेकवल्याची कल्पना करतात, ‘नको’साठी मधलं बोट. मधल्या बोटाचा संकेत ऐकणारे विद्युदग्रच उरले नसतील, तर प्रणाली सगळ्यात जवळची चालू कळ निवडेल.”

हेमांगी पलंगाकडे वळल्या.

“काकू, तुमचं नाव हेमांगी आहे का?”

‘हो’ उजळली.

मग पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. सुमतीबाईंनी लिहिलं : नको लागत नाही, हे दोनदा अक्षरांनी सांगायला घेतलं होतं. हो दिसलं की सगळे खूश होऊन उठायचे.

त्याच दुपारी हेमांगींनी ‘नको’पुरती छाटणी थांबवली आणि ‘हो’ला दिलेले विद्युदग्र परत घेतले. पण संकेत पुन्हा पक्का व्हायला सराव हवा होता. सहा दिवस त्या सुमतीबाईंना नकारच येईल असे प्रश्न विचारत राहिल्या. चहात मीठ घालू? पंखा बंद करून हीटर लावू? निशिकांतचं पुन्हा लग्न लावून देऊ? या प्रश्नाला ‘नको’ उजळायला जरा वेळ लागला, तेव्हा निशिकांत यांना हसू आलं. लिहिण्याचा वेग सतरावर उतरला. सुमतीबाईंनी तक्रार केली नाही. करायची असती, तर आता करता आली असती.

सातव्या दिवशी हेमांगींनी संमती नव्यानं विचारली. शस्त्रक्रिया करू या का? ‘हो’. धोका मान्य आहे? ‘हो’. मग उलटून विचारलं : रद्द करू का? ‘नको’, लगेच.

“आता मला हे उत्तर मान्य आहे,” त्या म्हणाल्या आणि कागद निशिकांत यांच्यापुढे सरकवला.

निशिकांत यांनी पेन उचललं नाही. ते खुर्ची ओढून आईच्या उशाशी बसले.

“आई, गेल्या वर्षी मी तुला एक विचारलं होतं. तू हो म्हणालीस, म्हणून मी…” त्यांनी पडद्याकडे पाहिलं. “पुन्हा विचारतो. मी फक्त रविवारी आलो तर चालेल?”

‘नको’ उजळली. बराच वेळ ती विझली नाही.