पंचनाम्यातला पिवळा साप

मंठ्यात प्राणिशास्त्र शिकवणारी बाई एकच होती, त्यामुळे गावात कुठेही काही सरपटलं की लोक प्रभावती खरातच्या दारात येऊन उभे राहत. घोणस आहे की डुरक्या घोणस, चावला तर काय करायचं, मारला तर पाप लागतं का, असले प्रश्न घेऊन. म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत वनरक्षक बद्रीनाथ सायकलच्या कॅरिअरला खोकं बांधून आला, तेव्हा तिने स्टोव्हवरचा चहाही उतरवला नाही.

जालना रस्त्यावरच्या नाक्यावर एक ट्रक अडवला होता. कांद्याच्या पोत्यांखाली चाळीस चांदणी कासवं निघाली आणि त्यांच्यासोबत हे एक खोकं. ड्रायव्हर पळून गेला होता. कासवांचं काय करायचं ते साहेबांना ठाऊक होतं, या सापाचं मात्र कुणालाच काही कळेना. खोक्यातल्या काडीवर तो नीट वेटोळं घालून बसला होता, दोन्ही बाजूंनी वळसे खाली सोडलेले आणि मधोमध डोकं. रंग असा पिवळा, की हळदीने माखलेला वाटावा.

"पंचनाम्यात लिवलंय म्याडम," बद्रीनाथ म्हणाला. "पिवळ्या रंगाचा साप, एक नग, लांबी एकोणतीस इंच. दोरीनं मोजला मी स्वतः."

प्रभावतीने दोन दिवस कॉलेजातली जाडजूड पुस्तकं चाळली तेव्हा पत्ता लागला. न्यू गिनीच्या जंगलातला झाडावर राहणारा अजगर. मोठेपणी हिरवागार, पण पिल्लं पिवळी असतात नाहीतर विटकरी लाल, आणि एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही रंगांची निघतात. लहानपणी ती झाडीच्या कडेला, उन्हाच्या कवडशात, खालच्या फांद्यांवर राहतात. मोठी झाली, वरच्या दाट पानांत चढली, की रंग बदलून हिरवी होतात आणि मग कधी पुन्हा पिवळी होत नाहीत. पाळलेल्यांत एखादं उशिरा बदलतं, एखादं पिवळं ते पिवळंच राहतं.

तिसऱ्या दिवशी हे ऐकून बद्रीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. "आवं म्याडम, असं नका करू! उद्या कोर्टात हिरवा निघाला तर साहेब म्हणतेन, बद्रीनं मुद्देमाल बदलला. माझी नोकरी जाईल बिलकुल. केस निकाली निघंपर्यंत जशाला तसा राहू द्या त्याला."

"माझ्या हातात आहे का ते?" ती हसून म्हणाली.

सापाचा ताबा तिच्याकडे देण्याचा कागद त्याने तिथेच भरला. 'मुद्देमाल आहे त्या स्थितीत सांभाळीन.' खाली एक ओळ होती, घरात आणखी कोण राहतं याची. प्रभावतीचा नवरा वसंत दूर चंद्रपूरकडच्या एका आश्रमशाळेत मास्तर होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, बदलीचा अर्ज दोनदा पाठवून झाला होता, तो दिवाळीत आणि मे महिन्यात येई. एवढं सगळं त्या एका ओळीत कुठे मावणार? शिवाय आजचाही चहा उतू जात होता. तिने लिहिलं, 'घरात मी एकटीच राहते,' आणि सही ठोकून दिली.

पहिलं वर्ष मजेत गेलं. पिंजऱ्यात लिंबाची फांदी बसवली, खिडकीला कूलर लावला, उन्हाळ्यात ओली गोणपाटं टांगली. दर दहा दिवसांनी कॉलेजातला एक पांढरा उंदीर. रोज सकाळी पाणी शिंपडताना ती पाठीवर हिरवा ठिपका शोधायची, वहीत तारीख घालून लिहायची, 'पिवळा.' असं काही मंठ्यात बसून पाहायला मिळणं म्हणजे नशीबच, असं तिला वाटे.

साप कात टाकायचा. कात सापापेक्षा जरा लांबच भरते. पहिली तेहतीस इंच भरली. दुसरीही तेहतीस. नववीही तेवढीच भरली तेव्हा तिने टेप बदलून पाहिली. पुण्याच्या एका सर्पतज्ज्ञाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, रंगाचं एकवेळ समजू शकतो, पण खातो, कात टाकतो आणि वाढत नाही हे शक्य नाही, मोजण्यात चूक असेल. तिला राग आला. मग तिने तेविसावी कात मोजली. तेहतीस.

आणि वसंत येत नव्हता.

पहिल्या मे महिन्यात त्याला हिवताप झाला. दिवाळीत साक्षरतेची पाहणी लागली. पुढे निवडणुकीचं काम, मग जनगणना. दर वेळी कारण खरं असायचं, पत्र त्याच्याच अक्षरात असायचं, 'प्रभे, पुढच्या सुटीत नक्की.' मग तीच का गेली नाही? सापाला चार दिवस सांभाळायला अख्ख्या गावात कोणी तयार होईना. एकदा ती तशीच निघाली, जालन्याच्या स्टेशनापर्यंत पोचली, तर बद्रीनाथ धापा टाकत मागे आला, की उद्याच तारीख पडलीय, मुद्देमाल घेऊन हजर राहायचंय. ती तारीखही पुढे गेली.

घरमालकीण गोजरबाई सुरुवातीला दर आठवड्याला विचारायच्या, "मास्तर कवा येणार गं?" चौथ्या वर्षी त्यांनी विचारणं सोडलं. प्रभावतीला ते फार लागलं. संध्याकाळी कॉलेजातून येऊन ती कुलूप उघडायची, आणि घरात बोलायला कोणी नाही म्हणून उंदराला, सापाला, कूलरला उद्देशून काहीबाही बोलत राहायची. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो, हे तिच्या लक्षात येऊ लागलं होतं.

ब्याण्णवच्या जानेवारीत कपाट आवरताना तिला त्या कागदाची प्रत सापडली. आहे त्या स्थितीत. घरात मी एकटीच राहते. आधी तिला हसू आलं. विज्ञान शिकवणारी बाई ती, असल्या गोष्टींना कधी थारा न देणारी. पण प्रत कपाटात परत ठेवायला तिचा हात धजेना. दुसऱ्याच दिवशी तिने कोर्टात अर्ज दिला, हा साप आता परत घ्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. ड्रायव्हर सापडत नाही, केस बंद, सापाची रवानगी प्राणिसंग्रहालयात. बद्रीनाथ सोमवारी न्यायला येणार होता. शुक्रवारी तार आली. बदली मंजूर, सोमवारी पोचतो, वसंत.

शनिवारी सकाळी सापाच्या मानेमागे एक खवला हिरवा दिसला.

रविवारी ती पिंजऱ्याकडे गेलीच नाही. घर सारवल्यासारखं स्वच्छ धुतलं, मंठ्याच्या बाजारातून वांगी आणली, चादरी बदलल्या.

सोमवारी दुपारच्या एस.टी.तून वसंत उतरला. तीच ट्रंक, तीच किंचित वाकून चालण्याची ढब. कानांवर केस पांढरे झाले होते. "प्रभे," तो म्हणाला. स्टँडवर चारचौघांत तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही. साडेचार वर्षांचं रडू होतं ते.

घरी येताना वाटेत गोजरबाई दारात बसलेल्या दिसल्या. त्यांनी वसंताकडे पाहिलं, पाहतच राहिल्या, आणि उठून आत गेल्या.

वसंताने पाय धुतले, शर्ट काढून बनियनवर पंख्याखाली बसला. ती पाणी आणायला वळली तेव्हा पहिल्यांदा पिंजरा दिसला.

साप हिरवागार होता. एक खवला पिवळा उरला नव्हता. आणि तो फांदीवर मावत नव्हता.

तेवढ्यात बद्रीनाथ दारात आला. खिशातून दोरी काढून त्याने गजांतून साप मोजला, कागद पाहिला, पुन्हा मोजला.

"म्याडम, हा तो न्हाई."

"तोच आहे. मोठेपणी रंग बदलतो, मी सांगितलं होतं ना तेव्हाच."

"रंगाचं सोडा. सव्वाचार फूट भरून राह्यलाय. मंगळवारी मी पाहून गेल्तो, तवा एवढासा व्हता." त्याने आवाज खाली आणला. "मी असा नेऊ शकत न्हाई. तुम्ही जाणकार, तुम्ही लिहून द्या, हा तोच हाये म्हणून. न्हाई तर परत कागद वर जाईल, अन् सगळं आहे तसंच ऱ्हाईल. तुमच्याकडंच."

त्याने कागद आणि पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं आणि सहज आत पाहिलं. वसंत पंख्याखाली पाठमोरा बसला होता, टॉवेलने मान पुसत. त्याच्या दंडावर देवीची लस टोचल्याचे दोन गोल व्रण होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी रात्री त्या दंडावर डोकं ठेवून झोपताना तिने ते बोटांनी कितीदा चाचपले होते. एकाला लागून एक, खालचा जरा मोठा.

डाव्या दंडावर.

आता ते उजव्या दंडावर होते.

रंग बदलतात. वर्गात ती दरवर्षी शिकवायची. रंग बदलतो, कात बदलते, माणूस वाळतो, जाडावतो. व्रण जागा बदलत नाहीत.

"म्याडम?" बद्रीनाथ म्हणाला.

बाहेर ऊन रणरणत होतं. घरात स्टोव्हवर वांग्याची भाजी करून ठेवलेली होती, दोन माणसांची. कित्येक वर्षांत तिने दोन माणसांचा स्वयंपाक केला नव्हता. नको म्हटलं तर उद्यापासून पुन्हा एक ताट, एक वाटी, संध्याकाळचं ते कुलूप. आत बसलेल्या त्या माणसाची भीती होतीच, पण त्या कुलपाची भीती त्याहून मोठी होती.

तिने कागद भिंतीला टेकवला आणि लिहिलं, 'मी याला ओळखते. हा तोच आहे.' लिहिताना तिची नजर पिंजऱ्याकडे नव्हती.

सही झाली, आणि आत पंख्याखाली पाठमोऱ्या बसलेल्या माणसाने इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला.